दुसऱ्या गिअरवर रिठदपर्यंत

लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. हे वाशीमला एका किराणा शेठजींच्या ट्रकवर क्लीनर होते. स्टेशनावर उतरलेलं मीठ, गूळ, तेलाचे डबे खेड्यापाड्यांतल्या दुकानांत पोचवायचं काम. शेठजी दुसरा ट्रक घेऊन हैदराबादच्या लाइनवर घालणार होते, आणि ह्यांना सांगून ठेवलं होतं की लायसन काढ, गाडी तुझी. त्या दिवसापासून ह्यांना दुसरं काही सुचेना. मला मात्र हैदराबाद या नावाचाच राग यायला लागला. लाइनवरचा ड्रायव्हर घरी पाहुण्यासारखा येतो, हे शेजारणींनी मला न विचारता सांगितलं होतं.

सराव घरातच चाले. आमच्या स्वयंपाकघरात जमिनीत उखळ होतं. त्यात मुसळ उभं केलं की झाला गिअरचा दांडा. हे पाटावर बसत, डावा पाय क्लचवर आहे असं समजून भिंतीला लावत आणि तोंडानं इंजिनाचा आवाज काढत. जुन्या गाडीचा गिअर एका दाबात पडत नसे. क्लच दाबायचा, दांडा मधे आणायचा, क्लच सोडायचा, पुन्हा दाबायचा, तेव्हा कुठं पुढचा गिअर पडे. दुसऱ्यांदा दाबायला हे हमखास विसरत आणि मी भाकरी थापता थापता 'क्लच' म्हणून ओरडे. मिरच्या कुटायच्या असल्या तर गाडी घाट उतरेपर्यंत मला थांबावं लागे. इतकं मी पुढं कधी हसले नाही. त्या स्वयंपाकघरात एक दिवस जाऊन बसता आलं असतं, तर मी मिरच्यांचं नावही काढलं नसतं.

तेव्हा आमचा जिल्हा अकोला. लायसनचे साहेब तिथून ठरल्या दिवशी वाशीमला येत. ह्यांची टेस्ट लागली त्याच दिवशी ट्रक रिठदला माल टाकायला जाणार होता, आणि रिठद माझं माहेर. टेस्ट झाली की त्याच गाडीतून मी उन्हाळ्यासाठी माहेरी जायचं ठरलं. मी परत येईन तोवर हे लाइनवर गेलेले असणार होते, पास झाले तर.

सकाळी गाठोडं बांधताना ह्यांनी विचारलं, "काहून गप हायेस?"

मला आडून बोलता येत नाही. मी म्हटलं, "मले वाटते तुमी नापास व्हावं."

हे हसले. रागावले असते तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

शहराबाहेरच्या चढावर मी गाठोड्यावर बसून बघत होते. साहेबांनी भर चढावर गाडी थांबवायला लावली, स्वतः खाली उतरले, खिशातली काडेपेटी काढून मागच्या चाकाला टेकवून ठेवली आणि म्हणाले, आता उचल. गाडी जराशी मागं आली तरी पेटी चिरडणार आणि घरी जायचं. ह्यांच्या शेजारी गाडीचे जुने ड्रायव्हर होते. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. पण साहेबांनी त्यांनाही बोलायची मनाई केली होती.

पहिल्यांदा गाडी आचका देऊन बंदच पडली. मला आनंद व्हायला हवा होता. पण काचेतून ह्यांचा चेहरा दिसला आणि मी गाठोड्यावर पुढं सरकून बसले. साहेबांनी पुन्हा हात केला. इंजिन घुरघुरलं, आणि माझ्या लक्षात आलं की माझा डावा पाय मातीत गच्च दाबलेला आहे. मी तो हळूहळू सोडत होते, आणि गाडी चढ चढत होती. साहेबांनी पेटी उचलली, तिच्यातल्याच काडीनं सिगारेट पेटवली आणि पुढचा माणूस बोलावला. पास म्हणायची त्यांची तीच रीत असावी.

ह्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते. उस्ताद केबिनमध्ये फार उकडतं म्हणाले आणि मागं गुळाच्या पोत्यांवर जाऊन आडवे झाले. केबिनमध्ये मी कधी बसले नव्हते, ह्यांनी एकट्यानं गाडी कधी चालवली नव्हती. गाव मागं पडल्यावर ह्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. मी रडत होते.

"आज हळू चालवा," मी म्हटलं.

"दुसऱ्यावरच ठेवतो," हे म्हणाले.

पुढं कितीतरी वर्षं हे लाइनवर होते. मुलं झाली तेव्हा हे कुठं सोलापूरकडे, कुठं हैदराबादच्या अलीकडे. लाइनच्या गाडीत कुणी बायकोला नेत नाही, त्यामुळं केबिनमध्ये मी पुन्हा कधी बसले नाही. आता हे नाहीत. आम्ही दोघं किती काळ एकत्र होतो, असा हिशोब मनाशी करायला बसले की फारसं काही हाती लागत नाही.

त्या दुपारी मात्र बैलगाड्या आमच्या पुढं निघून जात होत्या. उस्ताद मागून केबिनचा टप बडवून विचारत होते की गाडी हाकतोस का शेतात वखर. ह्यांनी गिअर काही बदलला नाही. मग रिठदची झाडं दिसली. माहेरच्या वाटेवर, लवकर पोचू नये असं मला जन्मात तेवढं एकदाच वाटलं.