खंडेनवमीला बंद राहिलेला कॉम्प्युटर

केळापूरच्या देवीवर माझी श्रद्धा होती, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. श्रद्धा आईची. माझा सगळा भरवसा माझ्या हातांवर, आणि त्या हातांनीच माझा घात केला.

पांढरकवड्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. कापसाच्या त्या वाईट वर्षांत लग्नाच्या अल्बमपेक्षा हार घालायचे फोटो मोठे करायचंच काम जास्त यायचं. ललितापंचमीला रुखमाबाई आल्या. नवरा जाऊन चार दिवस झाले होते. "त्याईचा दुसरा फोटोच नाही, भाऊ. पुतणीच्या लग्नात तुमी काढला तेवढाच." तेरवीच्या आत देतो म्हणालो.

खंडेनवमीला आम्ही कॅमेरे पुसून पूजेत मांडतो. त्या वर्षी मला नको तो शहाणपणा सुचला, की कॉम्प्युटर आतूनही स्वच्छ करावा. रिकामी समजून जी हार्डडिस्क पुसली आणि वर नवी सिस्टीम भरायला लावली, तिच्यातच सगळी लग्नं होती. चूक कळली तेव्हा काम निम्म्यावर आलेलं. घाईने बटण बंद केलं. दुसरी कॉपी नव्हती.

कुठलं तरी सॉफ्टवेअर टाकून पाहावं म्हणून पुन्हा चालू करणार, तोच आईने कॉम्प्युटरला कुंकू लावून झेंडूचा हार घातला. "आता हात नोको लावू. शिलंगण झाल्याबिगर अवजार चालवाचं नसते." मी तिच्यावर ओरडलो. ती तिथून हलली नाही.

दोन दिवस घास उतरला नाही. रुखमाबाईंना काय तोंड दाखवू, हाच घोर. दसऱ्याला केळापूरला गेलो. देवीपुढे मागणंही सुचेना. 'माझ्याच्यानं होत नाही,' एवढंच निघालं आणि मी रडलो.

दुसऱ्या दिवशी हार्डडिस्क टॉवेलात गुंडाळून, मांडीवर धरून एसटीने यवतमाळ गाठलं. दुरुस्तीवाल्या ताईंनी आधी एकच विचारलं, "पुसल्यानंतर काय काय टाकून पाह्यलं याच्यावर?"

"नवी सिस्टीम निम्मी भरली गेली. त्यानंतर काही नाही. पूजेत होता."

"मंग आशा आहे. अजून काही टाकलं असतं तं उरलंसुरलंही गेलं असतं."

बरेच फोटो अर्धे राखाडी निघाले, कित्येक उघडलेच नाहीत. दुपार कलली आणि एक उघडला. पंगतीत बसलेला, बुंदी वाढणाऱ्याला हाताने अडवत हसणारा माणूस.

तेरवीच्या आदल्या दिवशी रुखमाबाईंनी तो मोठा फोटो हातात घेतला. उजेडाकडे धरला. मग म्हणाल्या, "हसून राह्यले. मी तं त्याईचं हसनंच इसरली होती."

आई म्हणते, देवीने राखलं. मी वाद घालत नाही. दर खंडेनवमीला आईने कॉम्प्युटरला हार घालायच्या आधीच मी हात मागे घेतो आणि जोडतो.