नवरदेवाबिगर वरात

शूटिंगवाल्यानं तिसऱ्यांदा कॅमेरा खाली केला आणि म्हणाला, "मास्तर, मागं काहून पाहून राह्यले? मागं कोणी नाही."

मास्तर म्हणजे माझे बाबा. शेलूबाजारच्या अलीकडे आमचं गाव आहे आणि गावातला बँड बाबांचा. ते क्लॅरनेट वाजवतात. बँडवाला वरातीच्या पुढं चालतो खरा, पण त्यानं किती चालायचं ते मागून ठरतं. घोडी थांबली की थांबायचं, पोरं नाचायला लागली की तिथंच एक कडवं जास्त घ्यायचं, नवरदेवाच्या मामानं हात केला की पुढं सरकायचं. बाबांचा जन्म यात गेला. त्या सकाळी मागं घोडी नव्हती, मामा नव्हता, नुसती रिकामी गल्ली होती. तरी चार पावलं झाली की बाबांची मान वळायचीच.

व्हिडिओचा हट्ट माझा होता. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी सांगते, कारण ते खरं आहे आणि फुकट मिळालेलं नाही. वाशीमला एका क्लासमध्ये मी शिकवते, शनिवारी घरी येते. हल्ली लग्नाचं विचारायला फोन येतो तो एकच मागतो, "व्हिडिओ पाठवा." बाबांकडे पाठवायला काय होतं? लोकांच्या लग्नाच्या शूटिंगात ते कितीदा तरी आहेत, पण अर्धे. कुठं कोपर, कुठं टोपी, कुठं नवरदेवाच्या कानाशी क्लॅरनेटचं नुसतं टोक. कॅमेरा आला की बँडवाल्यानं बाजूला व्हायचं, असा रिवाजच आहे. मला एक व्हिडिओ असा पाहिजे होता की ज्यात बाबांना कोणी बाजूला व्हा म्हणणार नाही.

आमची वस्ती विहाराजवळ, तिथल्या बोळात सकाळी ऊन येत नाही. शूटिंगवाल्यानं गाव फिरून भाजीपाल्यावाल्यांची गल्ली पसंत केली. सिमेंटचा रस्ता, रंगवलेली घरं, समोरून ऊन. त्या गल्लीतल्या सगळ्यांत मोठ्या घरच्या म्हाताऱ्याला बाबा आदल्या दिवशी विचारून आले. मी सोबत होते.

"वरात कोणाची हाय?" म्हातारा म्हणाला.

"कोणाची नाही, काका. आमचीच शूटिंग हाय."

"नवरदेवाबिगर वरात." तो हसला. "वाजवा ना. वाजवायले कोण नाही म्हणते."

ग्रामपंचायतीच्या रस्त्यासाठी एका माणसाला विचारायचं, हे मला पटलं नव्हतं. पण पुढं त्याच घरच्या धाकट्या मुलाचं लग्न होतं आणि बँड आमचाच ठरला होता. मी गप्प बसले.

तर तीनदा फसलं होतं आणि ऊन वर चाललं होतं. शूटिंगवाला म्हणाला, "आता एकच होईन. आवाज मी एका दमात घेऊन राह्यलो. मधात तुटला तर जोड दिसन."

"मास्तरले घोडी आणून द्या," ताशेवाले काका त्याला म्हणाले. ते बाबांचे चुलतभाऊ. "घोडी नसन तर तुमीच उभे राहा मागं. तोंड तर तसंच हाय."

सगळी पार्टी हसली. बाबा हसले नाहीत. त्यांनी क्लॅरनेटची पत्ती जिभेवर ओली केली, टोपी सारखी केली. म्हातारा ओट्यावर बसून सगळं पाहत होता.

चौथ्यांदा सुरू झालं आणि बाबांची मान वळली नाही. ती चाल त्यांची स्वतःची आहे, कुठल्या सिनेमातली नाही. वराती संपल्यावर परत येताना चालता चालता बांधलेली. मी कॅमेऱ्याच्या मागं मागं उलटी चालत होते आणि मनात म्हणत होते, एवढं एक होऊन जाऊ दे.

मोठ्या घरासमोर आलो तेव्हा तिथली थोरली सून दारात उभी होती. मेथीच्या जुड्या बांधता बांधता उठून आली असावी, एक जुडी हातातच होती. आधी तिचा नुसता पाय हलत होता. मग ती तिथंच, उंबऱ्याच्या आत, एक गिरकी फिरली. मग दुसरी. पदर डोक्यावरून खाली आला, जुडीचा हात वर गेला.

आणि बाबा कॅमेऱ्याकडे पाठ करून तिच्याकडे वळले.

बँडवाल्याची ही दुसरी सवय. नाचणारा दिसला की त्याच्याकडे तोंड करून वाजवायचं. कॅमेऱ्यात पाहा, हे बाबांना सकाळपासून सांगून सांगून माझं तोंड दुखलं होतं. मला वाटलं, गेलं. पण शूटिंगवाल्यानं कॅमेरा खाली केला नाही. तो बाबांना वळसा घालून, दोघंही दिसतील असा बाजूला गेला. बाबांनी तिच्यासाठी एक कडवं जास्त घेतलं, ताशा उतरला, ढोल थांबला, आणि नुसती क्लॅरनेट अशी वाजली की माझ्या बापाची ती वाजवणी मीसुद्धा कधी ऐकली नव्हती. मग बाबा वळले, पार्टी पुढं सरकली. गल्लीच्या टोकाला शूटिंगवाला एवढंच म्हणाला, "हेच पाह्यजे होतं."

पुढच्या शनिवारी व्हिडिओ तयार झाला. मी बँडच्या नावानं चॅनल काढून तो टाकला आणि गावातल्या, नात्यातल्या सगळ्या ग्रुपवर पाठवला. संध्याकाळी जीपवाले तो लावून फिरत होते. रिठदच्या मामाचा फोन आला, "आज तुह्या बापाचं पुरं तोंड पाह्यलं वं." बाबा फोन हातात घेऊन अंगणात बसले होते. उठत नव्हते.

दुसऱ्या दिवशी खाली लोकांचं लिहिणं वाढलं. पिवळ्या साडीवाली कोणाची हाय. वहिनी जोरात. एकानं लिहिलं, मास्तर बाजूले व्हा, वहिनी दिसू द्या. मी ते पुसत गेले. तेवढ्यात कोणीतरी तिच्या दोन गिरक्यांचा तुकडा कापून त्याला भलतंच गाणं जोडलं आणि स्टेटसला ठेवलं. दुसऱ्यांच्या फोनमधलं मी काय पुसणार.

म्हाताऱ्याचा फोन आला तेव्हा बाबा उभे राहून बोलले. "हो काका. हो. सांगतो पोरीले."

"काढ म्हणतात," ते मला म्हणाले.

"काहून? रस्ता ग्रामपंचायतीचा हाय."

"रस्ता ग्रामपंचायतीचा. तोंड तिचं हाय ना."

"मंग तिनं सांगावं. हे कोण सांगणारे?"

"तिले कोण विचारते, माय," आई चुलीजवळून म्हणाली. "तिचा बाजार बंद केला त्यायनं."

ही बातमी आईनं नळावर पाणी भरताना ऐकली होती. त्या घरची भाजी शेलूबाजारात विकायला ती सूनच बसायची. जीपमध्ये टोपल्या टाकायची, आपली जागा धरायची, दिवसभर गिऱ्हाइकांना तोंड द्यायची, दिवेलागणीला परत. लग्न होऊन आल्यापासून तेवढाच तिचा घराबाहेरचा दिवस. आता म्हातारा म्हणाला होता, लोक आता भाजी पाह्यले नाही, तिले पाह्यले येतीन.

मला राग आला तो एका गोष्टीचा. हीच बाई तिच्या नणदेच्या वरातीत याच गल्लीत, याच बँडपुढं, सगळ्या गावादेखत नाचली होती. त्याची शूटिंग या घरानं स्वतः करून घेतली, पाहुण्यांना लावून दाखवली. तेव्हा ती हौस होती. मागं कोणाची तरी घोडी असली की बाईचं नाचणं घराची शोभा, आणि नुसतंच मनात आलं म्हणून दोन गिरक्या घेतल्या की घराची बेइज्जती.

शूटिंगवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "तेवढा भाग काढता येत नाही, ताई, गाणं तुटते. तिच्या तोंडावर ब्लर मारून देतो."

बाबा काढ म्हणाले नाहीत, ठेव म्हणाले नाहीत. मी सकाळी, वाशीमला निघण्याआधी, मोठ्या घरच्या भाजीच्या बगीच्याकडे गेले.

ती भेंडी तोडत होती. खाज लागू नये म्हणून दोन्ही हातांत जुने पायमोजे चढवलेले. मला पाहून तिनं आधी बांधाकडे नजर टाकली, कोणी येत नाही ना.

"पाह्यला का तुमी?" मी विचारलं.

"नाही. आमच्या ह्यायच्या फोनात हाय म्हणे. मले कोण दाखवते."

मोज्यांमुळं तिला फोन धरता येईना. मी धरला, वरून ओढणीची सावली केली. ती वाकून पाहत होती. दारातला भाग आला तरी तिचा चेहरा हलला नाही.

"एवढीशीच तर हावो मी," ती म्हणाली. मग म्हणाली, "लावा आणखी."

दुसऱ्यांदा पाहून झाल्यावर मी ब्लरचं सांगितलं. तोंड पुसट करायचं म्हणजे कोणी ओळखणार नाही.

"बातम्याईत चोरायले करतात तसं?"

"हो."

"मी का चोरी केली?"

"मंग पुरा काढू का?"

तिनं दोन-तीन भेंड्या तोडून टोपलीत टाकल्या. "काढल्यानं बाजार वापस भेटते का?"

"माहीत नाही."

"मंग फुकटात कायले देता, ताई? त्यायले तो काढून पाह्यजे हाय न, तर भाव करा. व्हिडिओ निंघते, मी बाजारात बसतो." ती पुन्हा तोडायला लागली. "अन् माह्यं नाव नोका घेऊ. मले तिथंच भाकर खा लागते."

घरी येऊन बाबांना हे सांगितलं. त्यांनी टोपी घातली. "चाल," म्हणाले.

म्हातारा ओट्यावर होता. बाबा खाली उभे राहिले. मी ओट्याच्या काठावर बसले, बस म्हणायची वाट पाहिली नाही. त्याच्या ते लक्षात आलं.

"काढते, काका," मी म्हटलं. "पण बाजारात तुमच्याकडून कोण जाते आता?"

"तुले काय करा लागते?"

"मले काही नाही. लोक विचारून राह्यले. व्हिडिओ बी निंघाला अन् बाई बी दिसेनाशी झाली, तर लोक म्हणतीन, काहीतरी होतंच. ती आपल्या जागेवर भाजी विकताना दिसली तर कोण काय म्हणन?"

आत बांगड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. म्हाताऱ्यानंही ऐकला.

"हे तिनं शिकवलं काय तुले?"

खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं बोलून तिला मारायचं नव्हतं. "मले शिकवायले कॉलेज होतं, काका," मी म्हटलं.

त्यानं माझ्या डोक्यावरून बाबांकडे पाहिलं. "मास्तर, पोरगी लय शिकवली तुमी."

मला वाटलं, बाबा आता हात जोडतील, लग्नाची गोष्ट काढतील. बाबा म्हणाले, "हो काका. शिकवली."

म्हातारा बराच वेळ तंबाखू मळत बसला. "बाजारात जाऊ नोको म्हणलं का कोणी तिले?" तो शेवटी रस्त्याकडे पाहत म्हणाला. "अंग दुखून राह्यलं होतं तिचं. येत्या बाजाराले जाईन. तू काढ तो आता."

"ती बसली की काढते."

"भरवसा नाही काय?"

"हाय ना. म्हणून तर तोवर थांबते म्हणलं."

बाबा खालून खाकरले. मी उठले. ओट्यावरून सावकाश खाली उतरले.

बाजाराच्या दिवशी क्लासला सुट्टी टाकून मी शेलूबाजारला गेले. तिची जागा मोकळी होती. शेजारच्या बाईनं तिथपर्यंत आपली वांगी सरकवली होती. एक जीप आली, दुसरी आली. कोणी उतरलं नाही. ऊन चढलं. मला वाटलं, म्हाताऱ्यानं फसवलं, आणि मग माझ्याकडे करायला काय उरलं, याचा विचार करत मी उभी होते. व्हिडिओ ठेवला तर तिचा बाजार कायमचा जाणार होता. काढला तरी तो मिळणार नव्हता.

तिसऱ्या जीपमधून ती उतरली. नवऱ्यानं टोपल्या काढून दिल्या आणि तो चहाच्या हॉटेलाकडे गेला. तिनं शेजारणीची वांगी हातानंच मागं सारली, पोतं अंथरलं, बसली. मला तिनं पाहिलं की नाही, कळलं नाही.

मी बाबांना फोन लावला. "काढू का?"

"बसली काय ती?"

"बसली."

"मंग काढ," ते म्हणाले.

मी काढला. मूळ फाइल बाबांच्या फोनात आहे. ते ती पाहत नाहीत. फोन खिशात ठेवून ऐकतात.

फोन पर्समध्ये टाकते तोवर एक माणूस तिच्यापुढं उकिडवा बसला होता. भेंडी चिवडत तिच्या तोंडाकडे निरखून पाहत होता. "तुमी त्या बँडच्या व्हिडिओतल्या ना?" त्यानं विचारलं.

"कोणता व्हिडिओ?" ती तराजू उचलत म्हणाली. "भेंडी मोडू नोका. घ्यायची असन तर सांगा."