गच्चीवरचं वायफाय

भाईंदरला खारीतल्या आमच्या सोसायटीत मोबाईलची रेंज धड येत नाही. म्हणून मी घरातलं इंटरनेट जुन्या राउटरवरून गच्चीवर नेलं आणि समोरच्या विंगपर्यंत पोचवलं. ऑफिसमधून आल्यावर व्हिडिओ बघून बघूनच शिकले होते. जाहिराती, माणसाच्या मागावर राहणाऱ्या साइट्स वाटेतच अडवायच्या, हेही जमवलं. आणि कोण काय बघतंय याची नोंद कुठेही ठेवायची नाही, हे मुद्दाम ठरवलं. या गोष्टीचा मला फार अभिमान होता. पासवर्ड मागेल त्याला द्यायचे.

समोरच्या विंगमधली एक नवी सून मागायला आली. माहेर रत्नागिरीकडचं. नवरा मोबाईलला रिचार्ज करत नाही, म्हणाली, आणि लगेच विषय बदलला. नंतर ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून आईशी व्हिडिओवर बोलताना दिसायची. भाईंदर पश्चिमेच्या एका दवाखान्यात रिसेप्शनचं काम होतं, त्यासाठीही तिने अर्ज केला. मुलाखतीला बोलावलंय हे तिने मला जिन्यात सांगितलं, तेव्हा तिला धाप लागली होती.

मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी तिचा नवरा आमच्या दारात आला. आवाज अगदी शांत.

"ताई, ती तुमच्या वायफायवर काय काय बघते, तेवढं दाखवा."

तशी नोंद मी ठेवतच नाही, असं मी सांगितलं. तो हसला.

"राहू दे. मोबाईल तर तिचा अंगठा लावून मी रोज बघतोच. फक्त डिलीट केलेलं बघायचं होतं."

मी दार लावून घेतलं. इतके महिने मी हवेतून जाणाऱ्या गोष्टींना कुलपं लावत बसले होते, आणि हा माणूस रोज तिच्याच अंगठ्याने तिचा मोबाईल उघडत होता. मला हे सुचलंही नव्हतं.

मुलाखतीला ती गेली नाही. त्याने माझ्या वायफायबद्दल सोसायटीच्या कमिटीकडे तक्रार केली. मीटिंगमध्ये सेक्रेटरी हिंदीत एवढंच म्हणाले की उद्या कुणी उलटसुलट केलं तर पोलीस सोसायटीला धरतील. त्यात खोटं काही नव्हतं. रोज माझं नेट वापरणारे शेजारी खाली बघत बसले. गच्चीवरचं सगळं मीच माझ्या हाताने उतरवलं.

मग ती एकदा भाजीवाल्याकडे भेटली. हातात मोबाईल नव्हता. कोथिंबीर निवडत, माझ्याकडे न बघता तिने आईचा नंबर तोंडपाठ म्हणून दाखवला.

"बरी आहे म्हणून सांगा. बाकी काही सांगू नका."

मी फोन केला, तेवढंच सांगितलं. पुढच्या महिन्यात त्या नवराबायकोने खोली सोडली. कुठे गेले, वॉचमनलाही माहीत नाही. भाड्याची खोली, कोण विचारतंय. नवऱ्याचा नंबर लागत नाही. पोलिसांत जा, असं मी आईला सांगून पाहिलं. जावयाविरुद्ध तक्रार करायची म्हणजे लेकीचे आणखी हाल, म्हणून ती माऊली जायला तयार नाही.

त्या आईचा मला अजून फोन येतो. परवा विचारत होती, "बाय, तुमचं ते नेट परत कधी सुरू होईल? सुरू झालं की ती करेल फोन."

लवकरच होईल, म्हणाले मी.