उन्हातली चप्पल

तिचं नाव सांगणार नाही. तिनंही आमचं कुठं सांगितलेलं नाही. पण मोठ्या देवळात गेले की तिच्यासाठीही एक दिवा लावते.

ती मानसशास्त्रात संशोधन करणारी, पापनाशमहून बसनं येणारी तमिळ मुलगी. चप्पल थेट फाटकाबाहेर, भर उन्हात काढायची. माझ्या अण्णाला, म्हणजे थोरल्या भावाला, बरीच वर्षं कानात आवाज ऐकू येतात, त्याबद्दल तिला विचारायचं असे. सगळे अण्णाविषयी माझ्याशी बोलतात. ही आधी अदबीनं त्याच्याकडे वळायची. "सार, आज बोलूया का?" तो नको म्हणाला, की "परवायिल्लै, असू दे," म्हणून कॉफी पिऊन परत जायची. मलाच राग यायचा. एवढ्या लांबून यायचं आणि ह्याच्या लहरीवर परतायचं!

एका दुपारी मात्र अण्णा तिच्या रेकॉर्डरसमोर पोटभर बोलला. आवाज काय सांगतात, कुणाचे वाटतात, सगळं. ती निघाली तसा त्याचा चेहरा उतरला. "ते ठेवू नको," तो म्हणाला.

"त्याचं मनावर घेऊ नको गं," मी म्हटलं. "तुझं काम अडेल."

"बोलणं त्यांचं आहे, अक्का."

तिनं रेकॉर्डर काढला, त्याच्यासमोर सगळं पुसलं आणि त्याच्याच हातात दिला. अण्णानं तो कानाला लावला. बराच वेळ ऐकत राहिला.

"काही नाही," तो म्हणाला, आणि हसला.

पुढच्या खेपेला ती आत येऊन बसली, तसा अण्णा उठला, फाटकाबाहेर गेला आणि त्यानं तिची तापलेली चप्पल उचलून सावलीत आणून ठेवली.