धनीमावशीचं नाव घेणं

अर्धी वाट झाली तेव्हा धनीमावशी म्हणाली, "थांब पोरी, जरा टेकू." आणि रस्त्याकडेच्या गिट्टीच्या ढिगावरच बसली.

मेडशीच्या बाजारातून आमच्या वाडीकडे यायला जीप मिळाली नव्हती, म्हणून आम्ही दोघी पायीच निघालो होतो. बांगड्यांचं खोकं मी डोक्यावरून उतरवून मांडीवर घेतलं. पुढच्या सोमवारी तिच्या नातवाचं, करणचं लग्न. दोन्ही बाजूंना तूर फुलावर आली होती.

"थकल्या का मावशी?"

"थकल्यावानीबी नाई वाटत. काईच वाटत नाई."

तिच्या घरचे, जगदेवकाका, गेले तेव्हापासून ती हेच सांगत होती. भाकरी गोड लागली का? काई नाई. लेक भेटून गेली, बरं वाटलं? काई नाई. रडतही नव्हती. आम्ही शेजारणी म्हणायचो, रडली असती तर बरं झालं असतं.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "शाहजादीनं हात मांगं घेतला. पाह्यलं तू?"

पाहिलं होतं. शाहजादी मेडशीच्या बाजारात बांगड्या भरते. तिच्याकडे बांगड्या भरायच्या तर नवऱ्याचं नाव घ्यावं लागतं, हा तिचा कायदा. ती मुसलमान, तिच्या घरी ही रीत नाही, पण हौस आमच्याहून जास्त. माझा हात धरून म्हणाली, "नाव घ्या पहिले, नाही तर हात सोडत नसते मी!" मी पाठ केलेलं एक घेतलं. "अरे, ये तो पिछले साल भी यही था! बासी भजे खिलाती क्या मेरेकू?" बायका हसल्या. मग सवयीनं तिचा हात मावशीकडे गेला, मनगटापर्यंत पोचला, आणि तिथून परत आला. "मावशी, चाय मंगवू?"

"मंगव," मावशी म्हणाली.

आम्ही उठलो, चालायला लागलो.

धनीमावशीला आमच्या पंचक्रोशीत कुणी कवयित्री म्हटलं नाही. तिलाही तो शब्द चालला नसता. मी दहावीपर्यंत शिकले. मराठीच्या पुस्तकात प्रेमाच्या कविता होत्या, त्या पाठ केल्या आणि परीक्षेनंतर विसरले. मावशीनं घेतलेली नावं मात्र माझ्या अजून लक्षात आहेत. तिनं नाव घेताना कधी दुसऱ्याचं वापरलं नाही, आणि आपलं कधी दुसऱ्यांदा घेतलं नाही.

लग्न होऊन आली त्या दिवशी नणंदेनं उंबरठ्यात दार अडवलं. मायनं शिकवून पाठवलेलं तिला आठवेना. बायका खोळंबल्या. मग हिच्या तोंडून आपसूक निघालं,

"निंब लावला माहेरी, सावली सासरी पडो,
जगदेवरावाचं नाव घेतो, जीभ माही नको अडो."

तिथून पुढं कोणाचं लग्न असो, संक्रांत असो की डोहाळजेवण, बाया तिच्या मागंच लागायच्या. ती आढेवेढे घ्यायची, पदर तोंडाला लावायची आणि मग म्हणायची. नव्या नवलाईतलं एक तर मी लहान असताना आईच्या मांडीवर बसून ऐकलंय,

"तुरीच्या ओळीत पाखरू बसलं लपून,
जगदेवराव हाक देतात खोकला खोकून."

बायका लोळून हसल्या होत्या. कारण ते खरं होतं. जगदेवकाका बायकोला कधी नावानं हाक मारत नसत. दारात येऊन खोकायचे. आणि हीसुद्धा त्यांचं नाव एरवी कधी तोंडातून काढत नसे. "आमच्या घरचे", "करणचे आजोबा", "अवो" एवढंच.

मग काका कारंज्याला जिनिंगमध्ये कामाला जायला लागले. कापसाच्या हंगामात तिकडंच राहायचे. परत आले की घुमे. काय झालं होतं ते मला माहीत नाही, मावशीनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्या वर्षीच्या हळदीकुंकवाला तिनं घेतलं,

"चूल पेटली, ताट वाढलं, पाणी ठेवलं भरून,
जगदेवराव जेवून उठले खाली मान करून."

कुणी हसलं नाही. वाण देणारीचा हात तसाच राहिला. पुढच्या वर्षी बायकांनी फार आग्रह केला तेव्हा मावशी म्हणाली, "जगदेवराव. झालं?" पुढं नाही, मागं नाही. त्यानंतर किती तरी वर्षं तेवढंच. बाया म्हणायच्या, धनी आटली.

काकांचे गुडघे गेले आणि ते घरी बसले तेव्हा ती पुन्हा बोलायला लागली. माझ्या मुलीच्या डोहाळजेवणात अचानक म्हणाली,

"चष्मा एक, डोळे चार, आळीपाळीनं पाहतो,
जगदेवरावाचा पेपर होयेस्तोवर दाळ घेऊन बसून राहतो."

काका ओसरीत होते. त्यांनी आतपर्यंत ऐकू येईल असं खोकलं. हसण्यानं छत उडायचं बाकी राहिलं.

शेवटचं मी आणि तिच्या सुनेनं ऐकलं. काकांना वाशिमला दवाखान्यात नेलं होतं. करण औषधं आणायला गेला होता. सिस्टरनं विचारलं, "आजी, पेशंटचं नाव काय?" मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मी सांगणार तोच ती सगळ्या वॉर्डात ऐकू जाईल असं बोलली,

"सलाइनची बाटली टांगली वर, थेंब पडते खाली,
जगदेवरावाले घेऊन मी सकायपासून आली."

शेजारच्या खाटेवरची बाई फिदीफिदी हसली. सून लाजून लाल झाली. सिस्टर पेन धरून उभी राहिली, मग हळूच म्हणाली, "आडनाव?" मावशीचा दोष नव्हता. ते नाव बाहेर यायची तिला दुसरी वाटच माहीत नव्हती.

काका खाटेवरून खोकले. ते दुखण्यानं खोकले की कसं, हे मावशीला अजून ठरवता आलेलं नाही. मी देवाच्या मनावर सोडलंय.

वाडीजवळचा मारुतीचा ओटा आला तेव्हा ऊन उतरलं होतं. मी चपला काढून हात जोडले. मावशी उभीच होती. हात जोडले नाहीत, पण पदर डोक्यावर घेतला.

"पोरी, घरात त्याइचं नाव कोणीच घेत नाई. पोरगा बाबा म्हणते, करण आबा म्हणते. मले तर येतच नाई. वरीस झालं, ते नाव माह्या कानावर नाई."

"मग घ्या ना इथंच. मी हाय, मारुतराय हायत."

तिनं खरंच तोंड उघडलं. मी वाट पाहिली. एक बैलगाडी आमच्या बाजूनं निघून गेली. तिनं तोंड मिटलं.

"असं येत नाई. पाठ करून ठेवलं नोतं मी कदी. चार बाया लागतात, कोनं अडवून धरा लागते. मंग पोटातून येते. अन् ते आलं का मले समजे, का आपल्याले काय वाटून राह्यलं. राग हाय का काय हाय. आता कोनी अडवतच नाई, तं मले कसं समजाव?"

तिच्या मनात करणचं लग्न होतं. लग्नघरात सगळ्यांच्या देखत विधवेला नाव घ्यायला लावायचं म्हणजे काय, हे मला कळत होतं. नवरीकडच्या बाया शेलूबाजारहून येणार. कुणी तरी अपशकुन म्हणेल. तिची सून वाईट नाही, पण भित्री आहे.

"सून काय म्हणेल मावशी?"

"ते म्हणन, सासूबाई, बसा ना आता. लोकं काय म्हणतीन. म्हणू दे."

"आणि नाहीच आलं काही तोंडातून तर?"

"तं नाई आलं. मंग आतमंदी काई नाई, हे तरी पक्कं होईन."

रागानं नाही, दुःखानं नाही, बाजारात भाव विचारावा तसं ती हे बोलली. मग माझ्या हातातलं खोकं तिनं आपल्याकडे घेतलं, कारण इथून तिचं घर दिसत होतं. मांडवाचे बांबू दारापुढं येऊन पडले होते. ती त्या दाराकडे पाहत राहिली.

"करण अन् नवरी दारात येतीन. त्याइच्या बहिनी त्याइले अडवतीन, नवरी नाव घेईन, आत जाईन. तवा मी मुद्दाम बाहीर थांबतो. सगळ्याच्या मांगून येतो. तू उंबरठ्यात उभी राह्य, पोरी. दोन्ही हात लाव चौकटीले, अन् माहं दार अडव. कोनी काई म्हणो, नाव घेतल्याबिगर मले आत जाऊ देऊ नको."