झाकणाला हात लावायचा नाही

कुमुदताईंचा शेवटचा फोन आला तेव्हा मी गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीची, जुडी घेऊन बसले होते, आणि खरं सांगायचं तर जरा वैतागलेच होते. सकाळचे साडेनऊ वाजलेले, अर्धी भाजी निवडायची बाकी, आणि या बाईंचं सुरू... "शैला, खिचडीला उकळी आली, दहा मिनिटं ठेवली, गॅस बंद केला, पातेलं पेटीत घातलं. मी आता हिमायतनगरला शाळेत चालले. तू साडेतीनला ये, सतरंजी घालून ठेव. पण चार वाजेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. कळलं?" मी म्हटलं, "कळलं हो! किती वेळा सांगाल?" त्या हसल्या आणि फोन ठेवला. साडेअकराला त्या शाळेतल्या एका बाईंचा फोन आला. पंख्यावर, फ्रिजवर चिकटवलेल्या लेबलातले तारे कसे बघायचे हे मुलींना सांगता सांगता कुमुदताई खुर्चीत बसल्या, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत मान कलली होती. मी दवाखान्यात पोचले तेव्हा डॉक्टरांकडे सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी त्यांचा हात हातात घेतला. गार होता. याला आता सहा आठवडे होतील, पण साडेनऊ वाजले की अजून माझं लक्ष फोनकडे जातं.

नल्लकुंट्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्या दुसऱ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. मराठी शाळेत त्यांनी उभा जन्म विज्ञान शिकवलं होतं, आणि निवृत्त झाल्यावर लोक काशी-रामेश्वर करतात तसं यांनी वीज वाचवण्याचं व्रत घेतलं. मागे कुठली संस्था नाही, पगार नाही. खांद्याला एक कापडी पिशवी आणि पायात चपला, बस्स. माझ्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा चहा घेण्याआधी टीव्हीपाशी गेल्या आणि त्याखालच्या केबलच्या डब्यावर हात ठेवला. "टीव्ही बंद आहे ना? मग हा गरम कसा? अगं, झोपेतसुद्धा खातोय हा." मला असा राग आला! पहिल्यांदा घरात आलेल्या बाईने आपल्या वस्तूंना हात लावत फिरायचं म्हणजे काय? त्या गेल्यावर मी मुद्दाम तो डबा चालूच ठेवला. दोन दिवसांनी मात्र गुपचूप हात लावून बघितला, आणि गरम लागला तसा बटण बंद केलं. तेव्हापासून मी त्यांच्या पिशवीची दुसरी बाजू धरायला लागले ती कायमचीच.

कुठे कुठे हिंडलो आम्ही! हळदीकुंकवाला, गणपतीच्या मांडवात, भिशीला, शाळांत. विजेचं बिल उलटं-सुलटं करून त्यातले युनिट कसे वाचायचे, जुना पंखा आणि नवा पंखा यांत फरक काय, फ्रिज भिंतीला चिकटवून का ठेवायचा नाही... तेच तेच, पण दर वेळी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं सांगायच्या. आमच्या गच्चीवर सोलरचे पॅनल बसावेत म्हणून तीन वर्षं त्या बिल्डिंगच्या प्रत्येक मीटिंगला गेल्या. एकाला वाळवणाची काळजी, दुसऱ्याला माकडांची, तिसऱ्याला वास्तूची. ताईंनी तिघांचंही ऐकून घेतलं. शेवटी पॅनल बसले, आणि त्यांच्या सावलीत पापड नीट वाळत नाहीत म्हणून पहिली तक्रार केली ती मीच!

वीजदर ठरवण्याआधी जी जाहीर सुनावणी होते, तिलाही दरवर्षी जायच्या. तिथे मोठमोठे वकील, कारखानदार, जाडजूड फायली. आणि त्यांच्यात आमच्या पाच फुटी कुमुदताई, पदर खोचून माईकसमोर. तेलुगू त्यांना समजायची, पण जोर चढला की आपली दखनीच बाहेर पडायची. "साब, बिजली बचाओ बोलते, फिर छत पे पॅनल लगाना बोले तो दस बार कायकू फिराते? हमारे जैसे बूढ़े लोगां कितने दफे सीढ़ी चढ़ना?" सगळी खोली हसली, साहेबही हसले, पण त्यांनी लिहून घेतलं. त्यानंतर आमच्या भागात अर्ज एका खेपेत घ्यायला लागले. सुनावणीमुळे की आपोआप, देव जाणे. ताई म्हणाल्या, "आपण बोललो ना? झालं तर."

पण या सगळ्यांत त्यांचा जीव होता तो त्यांच्या उबेच्या पेटीत. जुनी पत्र्याची ट्रंक, आतून थर्माकोल, त्यावर स्वतः शिवलेली गोधडी आणि वर कापसाची जाड उशी. डाळ-तांदळाला गॅसवर एक उकळी द्यायची, गॅस बंद करायचा आणि झाकणासकट पातेलं पेटीत ठेवून द्यायचं. पुढचं सगळं अन्न स्वतःच्या उबेवर शिजतं. ना वीज, ना गॅस. अट एकच, मधे झाकण उघडायचं नाही, नाहीतर ऊब जाते आणि दाणा कच्चा राहतो. प्रत्येक बाईला त्या आधी पेटीवर हात ठेवायला सांगायच्या. "गार लागते ना? गारच लागायला पाहिजे. बाहेरून गार म्हणजे आतली ऊब आतच आहे."

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर बाहेर कुणाला सांगितलेलं नाही. चार वर्षांपूर्वी आमच्या महिला मंडळात या पेटीचं पहिलं प्रात्यक्षिक होतं. चाळीसेक बायका जमल्या होत्या. ताई पुढे उभं राहून बोलत होत्या, मी मागे पेटीपाशी. अर्धा तास झाला, आणि माझा जीव राहीना. शिजतंय का? नसेल शिजत तर? आई मला लहानपणापासून म्हणायची, या पोरीला पेरलं की उगवायला पाहिजे. मी पेटी उघडून उशी उचलली, पातेल्याचं झाकण काढलं, वाफेचा भपकारा तोंडावर आला, चमच्याने चार शितं काढून दाबून बघितली, परत झाकलं. पाच मिनिटांनी पुन्हा तेच... दोनदा उघडलं मी! वेळ झाल्यावर ताईंनी मोठ्या हौसेने पातेलं बाहेर काढलं, तर तांदळात कणी राहिलेली. शितावरून भाताची परीक्षा करणाऱ्या आम्ही बायका, सोडतोय होय? पहिल्या रांगेतल्या कुलकर्णीबाई हसून म्हणाल्या, "ताई, पेटीला अजून थोडं शिकवा हो." सगळ्या खळखळून हसल्या. मी तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोलले. ताईंचा चेहरा एवढासा झाला, पण लगेच म्हणाल्या, "माझंच चुकलं. वेळेचा अंदाज चुकला."

त्यानंतर मंडळात 'कुमुदताईंची कच्ची खिचडी' हा शब्दप्रयोगच रूढ झाला. काही अर्धवट राहिलं की बायका म्हणायच्या, झाली कच्ची खिचडी. ताई हसण्यावारी न्यायच्या. पण पेटीचं नाव काढलं की बायका तोंडाला पदर लावायच्या, आणि एकीनेही पेटी केली नाही. सांगायचं, सांगायचं असं मी दर वेळी ठरवायची. बसमध्ये शेजारी बसून, गच्चीवर, त्यांच्या ओट्यापाशी... दर वेळी मी दुसरंच काहीतरी बोलायची. चार वर्षं गेली. मग या वर्षी त्यांनीच ठरवलं, पुन्हा एकदा बोलवायचं सगळ्यांना, आपल्या घरी. मसुराची खिचडी, सोबत तिळाचा खट्टा, म्हणजे चिंच घातलेली पातळ चटणी. सकाळी साडेनऊला पेटीत ठेवायची, दुपारी चारला उघडायची. "शिजते एवढंच नाही, साडेसहा तासांनी गरमसुद्धा असते, हे बघू देत की त्यांना." प्रत्येकीला सांगितलं होतं, येताना आपली वाटी-चमचा घेऊन या.

तो दिवस कसा गेला ते नीट आठवत नाही. अप्पा, म्हणजे ताईंचे यजमान, ऐंशीच्या घरातले, भिंतीला टेकून बसले होते. डोळ्यांत टिपूस नाही. मूलबाळ नसल्याने काचीगुड्याहून आलेल्या अप्पांच्या बहिणीच्या, विमलताईंच्या मुलाने अग्नी दिला. स्मशानातून सगळे साडेपाचला परतले. मी तेव्हा जिन्यात होते, आणि जिन्यात अजूनही कुणी होतं. मंडळाच्या सात-आठ बायका. बातमी पोचलीच नव्हती त्यांना. चारला आल्या, दार उघडं दिसलं, कळलं, आणि परत जायचं कुणाला सुचलं नाही. पायऱ्यांवर बसून होत्या. प्रत्येकीच्या मांडीवर पिशवी आणि पिशवीत वाटी-चमचा. कुलकर्णीबाईंच्या पिशवीतून स्टीलचा चमचा डोकावत होता. तो बघितला आणि मला जे रडू फुटलं...

घरात चूल पेटवायची नव्हती. विमलताई स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांना ओट्याखालची पेटी दिसली. "दादा, यात काय आहे? वहिनीने काही करून ठेवलेलं असेल तर टाकून द्यायला हवं. घरात शिजलेलं अन्न ठेवत नाहीत आज." त्यांचं बरोबरच होतं, रीत आहे तशी. अप्पा भिंतीला धरत उठले आणि स्वयंपाकघराच्या दारापाशी आले. मग हळू आवाजात म्हणाले, "ती गेली तेव्हा ते शिजलेलं नव्हतं, विमल. तेव्हा ते शिजत होतं." अप्पा माझ्याकडे वळले. "शैला, तू उघड."

मी मागे सरले. "मी नाही. अप्पा, माझ्याने नाही व्हायचं." आणि मग चार वर्षं साठलेलं सगळं तिथेच, स्वयंपाकघराच्या दारात, भडाभडा बाहेर आलं. मंडळातली खिचडी मी बिघडवली होती, दोनदा झाकण उघडलं होतं, ताईंनी माझ्यासाठी सगळ्यांचं हसू झेललं आणि त्यांना शेवटपर्यंत कळलंसुद्धा नाही! दारामागे कुलकर्णीबाई उभ्या आहेत हेही मला भान नव्हतं.

"तिला ठाऊक होतं," अप्पा म्हणाले.

"कधी?" मी विचारलं.

"त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं तिने. म्हणाली, मी बोलता बोलता मागे बघितलं तर शैलाच्या चष्म्यावर वाफ. पांढरा झाला होता म्हणे तुझा चष्मा." अप्पांच्या ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसू आलं. "रागावली होती. दोन दिवस तुझं नाव काढलं नाही. मग म्हणाली, त्या पोरीला धीर नाही, पण पुढच्या खेपेला तिच्याच हाताने उघडायला लावीन. आज चार वाजता तुलाच उघडायला सांगणार होती ती."

मी पेटीपुढे बसले. वरून गार होती. पेटी उघडून उशी काढली, पातेल्याचं झाकण उचललं, आणि माझा चष्मा पांढरा झाला. मला पुढचं काही दिसेना. पुसला नाही. तशीच बसून राहिले. साडेआठ तास झाले होते, त्या जाऊन सहा-साडेसहा... आणि खिचडी गरम होती हो. कोमट नाही, गरम. मागून कुलकर्णीबाई पुढे आल्या, वाटी पुढे केली. मग एकेक करून सगळ्याच आल्या. घासघासभर खिचडी, उभ्याउभ्याच. कुणी खट्टा विचारला नाही. कुलकर्णीबाईंनी एक शीत बोटांत धरून दाबलं आणि "शिजलीय," एवढंच म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावला. अप्पांनी दोन घास खाल्ले. विमलताईंनी खाल्लं नाही, पण टाकून द्या असंही पुन्हा म्हणाल्या नाहीत.

पेटी आता माझ्या ओट्याखाली असते. तेराव्याला अप्पांनीच वर पाठवली. मंडळातल्या तिघींनी जुन्या ट्रंका काढल्यात, उशी किती जाड हवी म्हणून मला विचारतात, आणि मी ताईंसारखं तेच तेच सांगते, पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं. अप्पांचं जेवण मीच करते. साडेनऊला डाळ-तांदूळ पेटीत, साडेबाराला पान. या तीन तासांत मी अजूनही तशीच आहे, जित्याची खोड, काय करणार. दहादा स्वयंपाकघरात जाते, पेटीपुढे वाकते. पण झाकणाला हात लावत नाही. वरच्या पत्र्यावर नुसता तळवा ठेवते. गार लागतो. तशीच थोडा वेळ थांबते आणि परत बाहेर येते.