फादरनी दिलेलं चित्र

संजूच्या शाळेचं पत्र परवा आमच्या दहिसरच्या घरी आलं. पूर्वीच्या एका फादरनी लहान मुलांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी आल्यात, शाळेला खेद आहे, माजी विद्यार्थ्यांनी सभेला यावं. फादरचं नाव कुठेच नाही. सोबत येशूचं छोटंसं चित्र मात्र होतं. त्याचा सोनेरी काठ बोटाला लागला आणि मला ती संध्याकाळ आठवली.

माझा भाऊ संजू तेव्हा सहावीत होता. शाळा सुटल्यावर थांबवून फादरनी त्याला असंच चित्र दिलं होतं. आईनं ते देव्हाऱ्यात गणपतीशेजारी ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. संजूनं ते फाडलं. "देव फाडतोस?" म्हणत आईनं त्याच्या थोबाडीत दिली आणि दुसऱ्या दिवशी त्याला शाळेत नेलं. मीही सोबत होते.

फादरच्या खोलीत मेणबत्त्यांचा वास होता. "सॉरी म्हण," आई म्हणाली. जमिनीकडे बघत संजू सॉरी म्हणाला. फादर हसले, त्याच्या मानेवर हात ठेवून त्यांनी नवं चित्र पुढे केलं. संजूनं खिशातले हात काढलेच नाहीत. शेवटी मीच ते घेतलं. मला त्याचा हेवा वाटत होता.

"यांना माफी मागायचीय, की आम्ही कितीजण तोंड उघडतोय ते बघायचंय?" परवा पत्र वाचून संजू म्हणाला.

आई सवयीनं चित्र घेऊन देव्हाऱ्याकडे निघाली होती. ती मध्येच थांबली.

"संजू, तेव्हा मी तुलाच सॉरी म्हणायला लावलं ना रे?"